तोर्लायला पोचण्याची वेळ : दोन वाजून दहा

वित्स्के होक्स्त्रा समुद्र ओलांडून स्कॉटलंडला आली होती ती एका दारात जाऊन उभी राहायला. बाकीचं स्कॉटलंड तिच्या लेखी वाटेत लागलेलं गाव होतं.

ते दार तोर्लाय बेटावर होतं. हेब्रिडीज बेटांच्या पश्चिम टोकाला, मोठ्या बेटापासून अडीच किलोमीटर वाळूपलीकडे. ओहोटीला ही वाळू उघडी पडते आणि माणूस चालत पलीकडे जातो. भरतीला त्याच वाटेवरून होडी चालते. १९६२ च्या नोव्हेंबरात तोर्लायच्या खडकांवर एक डच मालवाहू बोट फुटली. तिच्यावरच्या डाउवे नावाच्या एकोणीस वर्षांच्या खलाशाला त्या घरातल्या बाईने छातीएवढ्या पाण्यात शिरून, केसांना धरून बाहेर ओढलं आणि नऊ दिवस स्वतःच्या बिछान्यात झोपवून जगवलं. डाउवे हॉलंडात आपल्या फ्रिसलंड प्रांतात परतला, संसार केला, दोन मुलं वाढवली. दर नाताळाला म्हणायचा, "पुढच्या वर्षी तोर्लायला जाऊ. त्या बाईचे आभार मानायचे राहिलेत." पंचावन्न वर्षं त्याचं ते पुढचं वर्ष उजाडलं नाही. मार्चमध्ये तो वारला.

आणि ती बाई, डोलिना मॅकास्किल, अजून होती! वय शहाऐंशी, बेटावरची शेवटची रहिवासी. वित्स्केने तिथल्या पोस्टात फोन केला तेव्हा कळलं, की जूनच्या शेवटच्या सोमवारी म्हातारी ग्लासगोला भाचीकडे कायमची राहायला जाणार. घराला कुलूप लागणार. वडिलांचं राहिलेलं काम करायचं तर त्या सोमवारच्या आत करायला हवं होतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग वित्स्केच्या थोरल्या भावाने, रिंडर्टने, योजना आखायला घेतली.

रिंडर्टने तीस वर्षं फ्रिसलंडच्या पाणीखात्यात बांध आणि दरवाजे सांभाळले होते. मुदतीआधी निवृत्त झाल्यावर सांभाळायला काही उरलं नाही, म्हणून तो सहली सांभाळायचा. एकवीस दिवसांची अकरा पानी योजना त्याने छापली आणि पाऊस लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातली. तिच्यात पाच किल्ले होते, व्हिस्कीच्या चार भट्ट्या होत्या, एक लोकरीचं संग्रहालय होतं. तोर्लाय नवव्या पानावर होतं. गुरुवार, तेरा वीसला प्रस्थान, चौदा दहाला आगमन, अठरा वाजता होडीने परत. डोलिनाबाईंना त्याने एप्रिलमध्येच पत्र टाकलं होतं : आम्ही दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी येऊ, बाकीचं भेटीत. फ्रिसलंडमध्ये सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं तरी वेळ ठरवून जातात, तेव्हा यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी कॅराव्हॅनमध्ये नाश्त्यालाच ठिणगी पडली.

"चार भट्ट्या, पाच किल्ले," वित्स्के पावावर लोणी असं फासत होती, की पावाला भोक पडलं. "आणि ज्या बाईमुळे तू नि मी जन्माला आलो तिला चार तास?"

"तीन तास पन्नास मिनिटं," रिंडर्टने दुरुस्ती केली.

"आंके, याला आवर. नाहीतर मी आवरीन."

रिंडर्टची बायको आंके टोमॅटो चिरत होती. तिने मान वर केली नाही. "अठ्ठावीस वर्षं झाली, मला आवरता आला नाही. तू बघ प्रयत्न करून."

"ओहोटी पूर्ण कधी होते?" वित्स्केने विचारलं.

"बारा पन्नासला."

"आणि आपण एक वीसला निघायचं? पाणी वळल्यावर? रिंडर्ट, बावीस वर्षं मी लोकांना वाडच्या ओहोटीतल्या चिखलावरून चालत आमलांड बेटाच्या बाजूला नेतेय. पाणी वळल्यावर मी एका माणसाला किनाऱ्यावरून खाली उतरू दिलेलं नाही. आपण ओहोटीच्या आधी निघतो, उतरत्या पाण्याच्या मागे मागे. हे तुला माहीत नाही?"

"सकाळी भट्टी बघायची ठरली आहे. वाळूची वाट अडीचपर्यंत उघडी असते. आपण दोन दहाला पोचतो. वीस मिनिटं शिल्लक! मी गणित केलंय."

"भरतीचा तक्ता दाखव."

"तक्ता बॅगेत आहे, बॅग गाडीच्या तळाशी आहे. आकडे या कागदावर आहेत की. माझ्या आकड्यांवर तुझा विश्वास नाही का?"

इथे वित्स्केने गाडी उपसून तक्ता काढायला हवा होता. वाडची वाटाडी कधीही दुसऱ्याच्या आकड्यांवर पाय टाकत नाही. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि रागावलेल्या माणसाला स्वतःचं शहाणपणही दुसऱ्याच्या बापाचं वाटतं. "तुझी योजना, तुझं बेट!" ती म्हणाली. "कर काय करायचं ते!" आणि ती बाहेर जाऊन बुटांच्या नाड्या बांधत बसली.

भट्टीत रिंडर्टने सतरा प्रश्न विचारले. वित्स्के दारात उभी राहून समुद्राकडे बघत होती. पण मधे टेकडी होती, आणि टेकडीपलीकडचं पाणी कुणाला दिसतं?

एक वाजून वीस मिनिटांनी, बरोबर ठरल्या क्षणी, तिघं वाळूवर उतरली. वित्स्केच्या पायात घोट्याच्या वर घट्ट बांधलेले जुने कापडी बूट होते आणि हातात घरून आणलेली माणसाहून उंच काठी. त्या काठीवरून रिंडर्टने रॉटरडॅमपासून तिची टिंगल केली होती. त्याच्या स्वतःच्या पायात नवे कोरे, उंच, चामडी बूट होते. आंकेच्या पाठपिशवीत फ्रिसलंडहून जपून आणलेला साखरपाव होता, डोलिनाबाईंसाठी.

दिवस मात्र बघत राहावा असा होता. मैलभर पसरलेली वाळू उन्हात चमकत होती, तिच्यावर पाण्याने काढलेल्या बारीक लाटा होत्या, आणि पलीकडे तोर्लायची हिरवी पाठ, तिच्यावर पांढऱ्या भिंतींचं एकच घर. वारा पश्चिमेकडून येत होता आणि त्याला शेवाळाचा वास होता. लाल चोचीच्या पक्ष्यांचा एक थवा समोर वाळूत चोची खुपसत होता. पहिल्या दहा मिनिटांत एक उथळ ओढा लागला. पाणी घोट्याला लागलं इतकंच. वित्स्केचा राग थोडा निवळला. त्या घराकडे बघता बघता तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं. मी डाउवेची मुलगी. पुढे काय म्हणायचं ते मात्र तिला सुचेना.

"ते बघा!" रिंडर्ट ओरडला. "बाईंनी आपल्यासाठी झेंडा लावलाय!"

घराच्या दगडी कुंपणावर कुणीतरी पांढरी चादर पसरली होती. शेजारी एक लहानशी आकृती उभी होती. रिंडर्टने टोपी काढून जोरात हलवली. आकृतीने दोन्ही हात वर केले आणि पुनःपुन्हा खाली आणले. मग ती कुंपणावरची चादर ओढून हवेत झोडपायला लागली.

"किती आनंद झालाय त्यांना!" रिंडर्ट म्हणाला.

वित्स्के थांबली. शहाऐंशी वर्षांची बाई आनंदाने चादर झोडपत नाही.

तेवढ्यात समोरचा पक्ष्यांचा थवा उठला. तो वाळूवर पुढे गेला नाही. तिघांच्या डोक्यावरून, किलबिलाट करत, सरळ मागच्या किनाऱ्याकडे निघून गेला. वित्स्केने खाली बघितलं. वाळूतल्या बारीक लाटांच्या खाचांत पाण्याचं बोटभर पातळ पातं सरकत होतं. त्यावर फेसाचा एक बुडबुडा होता. रिंडर्टच्या आकड्यांप्रमाणे भरतीचं पाणी इथवर यायला अजून बराच वेळ होता. पण बुडबुडा जमिनीकडे चालला होता!

"रिंडर्ट, तक्त्यात ओहोटीची वेळ काय होती? तू लिहिलेली नाही. छापलेली."

"अकरा पन्नास. मी एक तास मिळवला. इंग्रजांचे तक्ते ग्रीनिचच्या वेळेचे असतात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात. हे शंभरात नव्व्याण्णव प्रवाशांना माहीत नसतं, मला—"

"तक्त्याच्या तळाला काय लिहिलं होतं?"

तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती खरी. ती आता रिंडर्टला लख्ख आठवली. वरील वेळांमध्ये उन्हाळी तास धरलेला आहे.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर बैलासकट सगळे पाण्यात जायची वेळ आली होती! पाणी वळून पावणेदोन तास होऊन गेले होते, आणि ही तीन माणसं वाळूच्या मधोमध उभी होती.

"मागे," वित्स्के म्हणाली.

"काय? घर हे समोर! हजार मीटर! आणि मागे दीड हजार!"

"घराच्या अलीकडे ती काळी पट्टी दिसते? तो ओढा आहे. आत्ता कमरेच्या वर असेल. आपण पोचेपर्यंत डोक्यावर जाईल. पाणी समोरून चालत येत नाही, आधी ओढे भरतं. मागचाही भरतोय. फिर मागे!"

"हे तुझं वाड नाही, वित्स्के. इथे तू वाटाडी नाहीस!"

बावीस वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. वाडवर मंत्री येवो की बँकवाला, वाटाड्याने काठी उलटी फिरवली की सगळे निमूट फिरतात. वाद किनाऱ्यावर गेल्यावर घालायचा. तिने वळून एकदा घराकडे पाहिलं. एक हजार मीटर. दार उघडं होतं, तेही दिसत होतं. ती चांगली पोहायची. एकटी असती तर कदाचित पोचलीही असती. तिचे डोळे भरून आले, रागाने की दुःखाने ते तिलाही सांगता आलं नसतं. सोमवारी त्या दाराला कुलूप लागणार होतं आणि ते तिच्या भावाने एक तास जास्त हुशारी केली म्हणून!

"रिंडर्ट, डाउवेच्या पोरा!" ती अशी गरजली, की आंके दचकली. "बाबांना त्या बाईने या पाण्यातून ओढून काढलं. तुला काढायला ती आता येणार नाही, तिचं वय झालंय! वाद किनाऱ्यावर घाल. चल!"

रिंडर्ट फिरला.

आता पळायचं नव्हतं. पळणारा माणूस वाळूत रुततो. वित्स्के पुढे, काठीने जमीन चाचपत, मधे आंके, मागे रिंडर्ट. पायाखालची चमकणारी वाळू बघता बघता आरसा झाली. घोट्याएवढं पाणी. पिंढरीएवढं. पाण्याला जोर नव्हता, घाई नव्हती, आवाजही नव्हता. ते नुसतं वाढत होतं.

आणि समोर तो ओढा आला. येताना घोट्याला लागलेला! आता तो वीस पावलं रुंद होता, रंगाने काळपट, आणि डावीकडून उजवीकडे पळत होता.

"एकमेकांचे हात कोपरात अडकवा!" वित्स्के ओरडली. "प्रवाहाकडे तोंड! पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे! मी सांगेन तेव्हा एक पाऊल!"

"पिशवी टाकू?" आंकेने विचारलं.

"टाक!"

"पाव आहे त्यात!"

"मग घाल डोक्यावर!"

पहिलं पाऊल. गुडघा. दुसरं. मांडी. पाणी इतकं गार होतं, की श्वास छातीतच अडकला. वित्स्केने काठी प्रवाहात पुढे रोवली आणि सगळं वजन तिच्यावर टाकलं. "पाऊल!" कंबर. "पाऊल!" आंके एका हाताने डोक्यावरची पिशवी धरून दात वाजवत होती. "पाऊल!"

रिंडर्टने पाऊल टाकलंच नाही.

"बूट रुतलाय!" तो किंचाळला. "निघत नाही!"

उंच चामडी बुटात पाणी भरलं होतं आणि ओल्या वाळूने त्याला खालून धरलं होतं. प्रवाह त्याला ढकलत होता, पाय जागचा हलत नव्हता. तो कलला. त्याचा हात आंकेच्या कोपरातून सुटला. पाणी त्याच्या तोंडावरून गेलं! प्लॅस्टिकमधली अकरा पानं खिशातून सुटून वर आली आणि तोर्लायच्या उलट दिशेने वाहत गेली.

"आंके, काठी धर! दोन्ही हातांनी! हलू नकोस!"

आंकेने काठी धरली. पिशवीचा पट्टा तिने दातांत पकडला. वित्स्केने काठी सोडली, दोन पावलं मागे घसरली आणि पाण्याखाली डोकं घातलं. हाताला बुटाची नाडी लागली. दुहेरी गाठ! अर्थात, दुहेरी गाठ! तिने नखांनी ती ओढली, एकदा, दोनदा. श्वास संपला. वर आली, परत खाली गेली. गाठ सुटली. पाय बुटातून बाहेर आला आणि रिंडर्ट खोकत, थुंकत वर उसळला. वित्स्केने त्याच्या कॉलरला धरलं.

"पाऊल!" ती ओरडली. "पाऊल, गाढवा! पाऊल!"

मांडी. गुडघा. वाळू. तरी ती थांबली नाहीत. ओढ्यामागे अजून सातशे पावलं होती आणि पाणी मागोमाग येत होतं. एका पायात मोजा, एका पायात बूट घालून रिंडर्ट लंगडत राहिला. किनाऱ्याच्या गवतावर पोचल्यावर तिघं आडवी पडली. वित्स्केने मनगट वर केलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मागे वळून बघितलं तर वाळू कुठेच नव्हती. होता तो फक्त समुद्र, तोर्लायपर्यंत.

कॅराव्हॅनमधून घोंगड्या आणून तिघं किनाऱ्यावरच बसली. वित्स्के घोंगडीत तोंड खुपसून रडत होती. जीव वाचल्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला ते दार दिसत होतं.

"उद्याची बोट पुढच्या बेटाची आहे," रिंडर्ट खाली बघत म्हणाला. "मी ती... आपण ती रद्द करू."

"तू गप्प बस," आंके म्हणाली. "आणि दुसरा बूट काढ. ध्यान दिसतंय."

तासाभराने इंजिनाची फटफट ऐकू आली. ज्या वाळूवरून ती तिघं चालली होती तिच्यावरून एक छोटी होडी येत होती. मागे एक दाढीवाला गडी सुकाणू धरून बसला होता, आणि पुढे पिवळा रेनकोट घातलेली एक म्हातारी काठीसारखी ताठ उभी होती. होडी टेकायच्या आतच ती पाण्यात उतरली.

"रुअरी, थांब, मला धरू नकोस!" ती त्या गड्यावर खेकसली. तो तिचा पुतण्या, घरचं सामान बांधायला आलेला. मग ती तिघांसमोर येऊन उभी राहिली. उंची जेमतेम पाच फूट. "तुमच्यातला मूर्ख कोण? की तिघंही?"

तिने मागे बेटाकडे बोट केलं.

"चादर दिसली नाही? या किनाऱ्यावर शेंबडं पोरही जाणतं, कुंपणावर चादर म्हणजे वाट बंद! आणि तुम्ही टोपी हलवता? होडी वाळूवर आडवी पडलेली, मी करणार काय? एक तास, एक तास मी दारात उभी राहून तीन माणसं मरताना बघत होते! माझ्या वयाला हे शोभतं का? दोन दहाला येतो म्हणे! भरतीला काय तुमचं पत्र गेलं होतं? मी उत्तर लिहिलं, अकराला या, नाहीतर येऊच नका!"

"कुठल्या पत्त्यावर?" आंकेने हळूच विचारलं.

"तुमच्याच! लेवार्डन, हॉलंड! मागच्या आठवड्यात!"

दोन आठवडे बंद असलेल्या घराच्या पत्रपेटीत ते उत्तर पडलं होतं. रिंडर्टने डोळे मिटले.

"यांना वाळूवर उतरवलं कुणी? बोला!"

रिंडर्टने तोंड उघडलं. पण वित्स्के घोंगडी टाकून उभी राहिली होती. सकाळपासून जी शिवी तिने भावासाठी राखून ठेवली होती ती आता द्यायला हरकत नव्हती. सगळं जग तिच्या बाजूने होतं.

"मी," ती म्हणाली. "वाटाडी मी होते. तक्ता मी स्वतः बघायला हवा होता."

"आकडे माझे होते," रिंडर्ट पुटपुटला.

"वाळूवर आकडे कुणाचेही असोत, माणसं वाटाड्याची असतात," वित्स्के म्हणाली. मग ती म्हातारीकडे वळली आणि जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं. "मी डाउवेची मुलगी. हा त्याचा मुलगा. बाबा मार्चमध्ये गेले. त्यांना तुमचे आभार—"

"थांब!"

डोलिनाबाईंनी हात वर केला होता. आवाज होता तसाच तापलेला.

"डाउवेची पोरं! नऊ दिवस त्या मुलाला मी चमच्याने भरवलं. रोज रात्री म्हणायचा, गेल्या गेल्या पत्र टाकीन. पंचावन्न वर्षांत एक ओळ नाही! पोचला का, मेला का, लग्न केलं का, काही नाही! दर नोव्हेंबरला मी मनात त्याला शिव्या घालते!"

"लाज वाटायची त्यांना," वित्स्के म्हणाली. "आधी एक वर्ष राहिलं म्हणून. मग दहा राहिली म्हणून."

"लाज!" म्हातारी फणकारली. बराच वेळ ती दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी. रिंडर्टच्या रुंद कपाळाशी तिची नजर अडली. "कान पण त्याचेच," ती पुटपुटली. मग तिने रेनकोटच्या बाहीने नाक पुसलं आणि होडीकडे चालायला लागली.

"बाई!" वित्स्के मागून ओरडली. "तुम्ही आभार ऐकलेच नाहीत!"

"इथे?" डोलिनाबाई गर्रकन वळल्या. "ओल्या गवतात, घोंगडी पांघरून? पंचावन्न वर्षं वाट बघायला लावली ती काय असलं ऐकायला? आभार मानायचे तर माझ्या घरात येऊन माना. खुर्चीत बसून, चहा घेऊन. आणि त्याचं सगळं सांगायचं, लग्नापासून मरणापर्यंत, काही न गाळता. रुअरी, यांना होडीत घे!"

"परत कधी निघायचं?" रिंडर्टने सवयीने विचारलं, आणि जीभ चावली.

"बस," म्हातारी म्हणाली.

तो एका पायात मोजा, दुसऱ्या पायात काहीच नाही, असा होडीत जाऊन बसला.